आधी पाइप, मग रस्ता: गावात सगळ्या खात्यांच्या योजना कशा जुळवायच्या

समन्वय सभा बोलावून सुरुवात करू नका. ती चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी तेवढंच सांगते.

सोळा वर्षं ग्रामसेविका म्हणून काढल्यावर 2016 मध्ये मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याला विस्तार अधिकारी झाले. ‘अभिसरण’, म्हणजे वेगवेगळ्या खात्यांची कामं आणि निधी एकत्र जोडणं, हा शब्द तेव्हा प्रत्येक परिपत्रकात असायचा. मी उत्साहाने अकरा खात्यांना पत्रं काढली आणि पंचायत समितीच्या सभागृहात सगळ्यांना बसवलं. प्रत्येकाने आपापलं उद्दिष्ट वाचून दाखवलं. इतके शोषखड्डे, इतकी रोपं, इतकी शेततळी. इतिवृत्त सात पानांचं झालं. पण कोणत्या गावात, कोणत्या गटात कोणी आधी जायचं, हे त्या सात पानांत कुठेच नव्हतं. पुढच्या मार्चमध्ये एका गावात गल्लीचा सिमेंट रस्ता झाला आणि मे महिन्यात पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनसाठी तोच रस्ता फोडला गेला. दोन्ही कामांना रीतसर मान्यता होती. दोन्ही कामांचे अभियंते माझ्या सभेत शेजारी शेजारी बसले होते.

त्यानंतर मी कामाची पद्धत बदलली आणि 2023 मध्ये निवृत्त होईपर्यंत तीच ठेवली. नवीन सरपंचताई, सरपंचदादा, ग्रामपंचायतीत नव्याने रुजू झालेले भाऊसाहेब आणि मॅडम यांच्यासाठी ती इथे लिहिते आहे. शाश्वत विकास आणि हवामान बदल हे शब्द मोठे आहेत, पण शेवटी सगळी खाती येऊन भेटतात ती तुमच्या शिवारात. तिथे त्यांचा क्रम लावणं हे गावाचंच काम आहे.

नकाशा भिंतीवर लावा

तलाठ्यांकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून गट नंबर असलेला गाव नकाशा घ्या. झेरॉक्सवाल्याकडून तो मोठा करून घ्या, किमान जेवायच्या पाटापेक्षा दुप्पट. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, सगळ्यांचा हात पोचेल अशा उंचीवर चिकटवा.

मग कागद गोळा करायला निघा. रोहयोचा (रोजगार हमी योजनेचा) शेल्फ, म्हणजे हाती घ्यायच्या कामांची यादी, पंचायत समितीत मिळेल. कृषी सहाय्यकांकडे शेततळ्यांची आणि ठिबकची यादी असते. जिल्हा परिषदेच्या लघुसिंचनाकडे बंधारे, बांधकामाकडे रस्ते आणि मोऱ्या, पाणीपुरवठ्याकडे विहीर आणि पाइपलाइन, वन आणि सामाजिक वनीकरणाकडे लागवडीच्या जागा, महावितरणकडे सौर पंपाचे अर्ज. यादीत बहुतेक वेळा फक्त गावाचं नाव असतं. तिथेच थांबू नका, गट नंबर मागा. ‘अजून जागा ठरलेली नाही’ असं उत्तर आलं तर आनंद माना, कारण मग जागा तुम्ही सुचवू शकता.

प्रत्येक खात्याला एक रंग द्या आणि टिकल्या लावा. आमच्या अंगणवाडीताईंनी खरोखरच कपाळाच्या टिकल्यांची पाकिटं आणली होती. टिकल्या लावून झाल्यावर एका गावात दिसलं ते असं: एकाच नाल्यावर दोनशे मीटरच्या आत तीन बंधारे, तीन वेगवेगळ्या निधीतून, आणि ज्या माळावरून त्या नाल्यात गाळ येत होता तिथे एकही टिकली नाही. हे सांगायला मला भाषण करावं लागलं नाही. सरपंचताईंनी बोट ठेवलं आणि पीटीओ साहेबांनीच, म्हणजे रोहयोच्या तांत्रिक अधिकाऱ्यांनी, दोन बंधारे मागे घेऊन माळावर सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीतले) सुचवले.

नकाशा हातात घेऊन शिवार फेरी करा, माथ्यापासून पायथ्याकडे. एकदा ऑगस्टमध्ये पाणी वाहत असताना आणि एकदा जानेवारीत. ऑगस्टची फेरी सहसा कोणी करत नाही, चिखल असतो. पण पाणी कुठून पळतं, कोणती मोरी अपुरी पडते, कुठल्या बांधाला खांड पडतं, हे त्याच महिन्यात डोळ्यांना दिसतं. बरोबर शेळ्या राखणारं एखादं माणूस न्याच. दरवर्षी कुठला ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो हे त्याच्याइतकं नेमकं कोणालाच माहीत नसतं.

पाण्याचा ताळेबंद

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ घालवत असे आणि तुम्हीही घालवा. वेगवेगळ्या खात्यांना एका भाषेत बोलायला लावणारा आकडा हाच आहे. कृषीवाले हेक्टरमध्ये बोलतात, पाणीपुरवठावाले लिटरमध्ये, महावितरण हॉर्सपॉवरमध्ये, रोहयो मनुष्यदिवसांत. सगळ्यांना पाण्याच्या आकड्यावर आणा.

हिशेब अवघड नाही. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. दहा लाख लिटर म्हणजे एक टीसीएम (हजार घनमीटर), 10 हजार लिटरचे शंभर टँकर. 2018 च्या दुष्काळातला आमच्या एका गावाचा हिशेब सांगते. क्षेत्र 820 हेक्टर, पाऊस 450 मिलिमीटर. म्हणजे शिवारावर पडलेलं पाणी 3,690 टीसीएम. दुष्काळातसुद्धा! आकडा ऐकून सभेत लोक एकमेकांकडे बघायला लागले. पण त्यातलं बरंचसं पाणी उन्हाने आणि झाडाझुडपांतून उडून जातं, काही वाहून जातं, मुरतं ते थोडं. नेमकं किती मुरतं हे जमिनीवर आणि खडकावर ठरतं. आपल्याकडे काळा बेसाल्ट आहे, तो फार पाणी पोटात घेत नाही. तुमच्या गावासाठी हे प्रमाण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांना विचारा. हा आकडा अंदाजाने लिहू नका.

आता खर्चाची बाजू. 2,100 माणसं, जलजीवनच्या निकषाने माणशी रोज 55 लिटर. वर्षाचे 42 टीसीएम. मोठी जनावरं 800, दर जनावराला 40 लिटर धरा, 12 टीसीएम. माणसं आणि गुरं मिळून 54. उसाला पाट पद्धतीने हेक्टरी 20 ते 25 टीसीएम पाणी लागतं. म्हणजे दोन हेक्टर ऊस अख्ख्या गावाच्या पिण्याइतकं पाणी घेतो, आणि गावात ऊस होता 25 हेक्टर.

हा आकडा मी फळ्यावर लिहिला तेव्हा सभेत शांतता झाली. ज्यांचा ऊस होता ते समोरच बसले होते. त्यांना गुन्हेगार ठरवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ऊस लावणाऱ्याला हमखास गिऱ्हाईक दिसतं, म्हणून तो लावतो. हिशेब मांडून झाला की लगेच पुढचा प्रश्न विचारायचा: ठिबकच्या यादीत आधी कोणाची नावं घालायची? त्या गावात त्या वर्षी ठिबकचे पहिले अर्ज ऊसवाल्यांचेच गेले आणि काही जणांनी मिळून सात हेक्टरवर पुढच्या हंगामात तूर आणि हरभरा घेतला. बाकीच्यांनी ऊस सोडला नाही.

पाणलोटाच्या कामासाठी नावाजलेल्या हिवरे बाजार या गावाचं उदाहरण सगळे देतात, पण बहुतेकांच्या लक्षात राहतात ती तिथली झाडं. तिथली खरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे ग्रामसभा पावसाचा हिशेब मांडून पिकं ठरवते. चर खोदण्याचं काम बहुतेक गावांना जमतं. हिशेबाला बसणं अवघड जातं, कारण त्यात घराघरांतलं हित गुंतलेलं असतं.

कोणती योजना कोणाच्या वाटेत येते ते शोधा

प्रत्येक योजना एकटी पाहिली तर चांगलीच असते. दोन चांगल्या योजना शेजारी आल्या की कधी कधी एकमेकींना मारतात. ताळेबंद आणि नकाशा समोर ठेवून जोड्या लावा आणि विचारा: हिच्यामुळे तिचं काय होईल?

माझ्या मनाला लागलेली गोष्ट अस्तराच्या शेततळ्याची आहे. प्लास्टिक अस्तराचं शेततळं पावसाच्या पाण्याने भरलं तर फळबाग वाचवतं. एका गावात अनुदानातून झालेली चार तळी हिवाळ्यात बोअरवेलने भरली गेली. तळ्यांपासून काही अंतरावर गावाची पाणीपुरवठ्याची विहीर होती. फेब्रुवारीत ती कोरडी पडली. जमिनीखालचं झाकलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवलं होतं. उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर 30 बाय 30 मीटरच्या तळ्यातून रोज 7,200 लिटर जातात. 55 लिटरने ते 130 माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. त्या फेब्रुवारीत बाया डोक्यावर हंडे घेऊन त्याच तळ्यांच्या बांधावरून जात होत्या. शेततळ्यांच्या यादीवर ग्रामपंचायतीची शिफारस होती, आणि ती टाइप केली होती मी. विहिरीचं आणि तळ्यांचं नातं माझ्या डोक्यातच आलं नाही.

तेव्हापासून नकाशावर पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवती लाल पेन्सिलने 500 मीटरचं वर्तुळ काढायची सवय लावली. भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोताभोवती एवढ्या अंतरात नवी विहीर घेण्यावर बंधन आहे. वर्तुळात येणारा प्रत्येक प्रस्ताव, मग तो कोणत्याही खात्याचा असो, ग्रामसभेत मोठ्याने वाचायचा.

सौर पंपाचंही असंच नीट समजून घ्या. दिवसा वीज मिळणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे. रात्री दोन वाजता विंचू-सापाच्या भीतीत पिकाला पाणी देत दारं धरणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे सौर पंपाला विरोध करू नका. कार्बन कमी होतो हा फायदा वर आहेच. पण उन्हाचं बिल येत नाही, आणि बिल नसलेला पंप विहीर तळाला जाईपर्यंत चालू राहू शकतो. म्हणून सौर पंपाची आणि ठिबकची यादी एकाच दिवशी, एकाच टेबलावर करा. ज्या गटात सौर पंप जाणार तिथे त्याच वर्षी ठिबक पोचेल असं कृषी सहाय्यकांशी बोलून ठेवा. दोन अर्ज, दोन पोर्टल, पण शेतकरी एकच.

गायरानावरच्या लागवडीत टक्कर होते ती शेळ्या-मेंढ्यांशी. एका वर्षी लावलेली रोपं दिवाळीपर्यंत संपली, कारण चरायला दुसरी जागाच ठेवली नव्हती. पुढच्या वेळी गायरानाचे तीन तुकडे केले. एका तुकड्यावर चराईबंदी, तिथलं गवत कापून न्यायची मुभा, बाकी दोन मोकळे. राखणीचं काम रोहयोच्या संगोपनाच्या मजुरीतून शेळ्यावाल्या घरांनाच दिलं.

रस्त्याच्या बाबतीत मात्र टक्कर टाळण्यापेक्षा मैत्री करता येते. बुलडाण्यात महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती आणि मुरूम तलाव, नाले खोल करून उचलला गेला. रस्त्याला माल मिळाला, तलावांची साठवण वाढली. ‘बुलडाणा पॅटर्न’ म्हणून ते देशभर गेलं. तुमच्या गावावरून रस्ता जात असेल तर निविदेनंतर आठ दिवसांत ठेकेदाराच्या अभियंत्याला भेटा. मुरूम कुठून उचलायचा हे तेव्हाच ठरत असतं. तहसीलदारांची परवानगी लागते, ती लेखी घ्या, आणि किती खोल जायचं हे भूवैज्ञानिकांना विचारून ठरवा.

बारा महिन्यांचा एक कागद

दुकानात मिळणारं मोठं कॅलेंडर नकाशाशेजारी टांगा. त्यावर खात्यांची कामं नव्या क्रमाने लिहा. माझा क्रम साधारण असा असे.

माथ्याचं काम आधी, नाल्याचं नंतर. चर न खोदता बंधारा बांधला तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. गाळ काढायचा एप्रिल-मेमध्ये, आणि तो कोणाच्या शेतात जाणार त्यांची नावं मार्चमध्येच लिहून घ्यायची, कारण ट्रॅक्टर सगळ्यांना एकाच आठवड्यात हवे असतात. लागवडीचे खड्डे मेमध्ये, रोपं पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर. गल्लीत आधी पाइप, मग सांडपाण्याची गटार आणि शोषखड्डे, अगदी शेवटी रस्ता. रस्ता शेवटी ठेवायला लोक कुरकुरतात, रस्ता दिसतो ना. ठाम राहा.

रोहयोची कामं मजुरांच्या गरजेप्रमाणे बसवा. आमच्याकडे दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जायचं. जानेवारीत मस्टर (हजेरीपट) काढला तर हजर कोण राहणार? म्हणून जाण्याआधीच्या महिन्यात आणि परतल्यावर एप्रिल-मेमध्ये कामं ठेवली. काही घरं त्यामुळे मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) न घेता गावातच थांबली. हवामानाला तोंड देण्याची ताकद म्हणतात ती मी तिथे पाहिली.

कॅलेंडरवर कागदांच्याही तारखा लिहा. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत रोहयोची कामं, 2 ऑक्टोबरपासून विकास आराखडा. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निवडणूक असेल तर आचारसंहिता. मार्चअखेर पैसा परत जाऊ नये म्हणून डिसेंबरात काम सुरू झालेलं हवं.

पैसा जोडायचा, पण एक पावती एकाच वहीत

निधी जोडताना नवे लोक घाबरतात, लेखापरीक्षणात अडकू म्हणून. नियम एकच लक्षात ठेवा: एका कामाचे भाग पाडा, प्रत्येक भागाला एकच निधी, एकच अंदाजपत्रक, एकच मोजमाप. एकाच खोदाईचं बिल दोन योजनांत गेलं की ती अफरातफर आहे.

उदाहरण देते. कोरड्या पडलेल्या त्या पिण्याच्या विहिरीचं पुनर्भरण आम्ही असं केलं. वरच्या बाजूचे चर आणि खोदाई रोहयोतून, तिथे मजुरीचा वाटा 60 आणि साहित्याचा 40 हे सांभाळून. गाळणी, पाइप आणि कठडा पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्च करायच्या, निधीतून. त्या आयोगाच्या पैशांत 60 टक्के बंधित होते, अर्धे स्वच्छतेला आणि अर्धे पिण्याचं पाणी व पावसाच्या पाण्याच्या साठवणीला, त्यामुळे हे काम त्यात चपखल बसलं. शिवाय गावाला 80 टक्के निधी आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला प्रत्येकी 10 टक्के अशी वाटणी होती. तो दहा टक्के फार जण मागत नाहीत. आपल्या गणाच्या (पंचायत समितीच्या) आणि गटाच्या (जिल्हा परिषदेच्या) सदस्यांना नकाशासमोर उभं करून मागा. आयोग बदलला की टक्के बदलतात, म्हणून चालू परिपत्रक आधी वाचा.

नांदेड जिल्ह्यातले मॅजिक पिट हे जोडणीचं मला आवडणारं उदाहरण आहे. घराघरातलं सांडपाणी रोहयोतल्या शोषखड्ड्यात मुरलं, गटारं कोरडी झाली, डास कमी झाले. स्वच्छता, आरोग्य, भूजल आणि मजुरी, चारही एका खड्ड्यात. आमच्याकडे आशाताईंनी तापाच्या रुग्णांची घरं नकाशावर दाखवली आणि आम्ही तिथूनच खड्डे सुरू केले.

आता सभा घ्या

इतकं झाल्यावर सभा बोलवा. ती गावात घ्या, नकाशाच्या भिंतीसमोर. गटविकास अधिकारी आणि तहसीलदार दोघांच्या सहीने पत्र काढून घेता आलं तर महसूल आणि जिल्हा परिषद दोन्हीकडची माणसं येतात. चाळीस मिनिटं पुरतात. कोणालाही उद्दिष्ट वाचू देऊ नका. प्रत्येक टिकलीला तीनच प्रश्न: तुमच्याआधी तिथे कोणी जायला हवं? तुमच्यानंतर कोण जाणार? तारीख कोणती?

इतिवृत्तात गट नंबर, पद आणि तारीख लिहा. माणसाचं नाव नको, मेमध्ये बदल्या होतात. पदाच्या नावाने लिहिलेलं काम नव्या साहेबांवर आपोआप येतं. एक प्रत दप्तरात, एक शाळेत गुरुजींकडे, एक बचतगटाच्या ग्रामसंघाकडे. माझ्या अनुभवात तिसरी प्रत सगळ्यांत जास्त उघडली गेली.

ग्रामसभेआधी महिला सभा कायद्यानेच घ्यायची असते. ती खरी घ्या, सह्यांपुरती नको. गल्लीतला रस्ता की पाइप, या प्रश्नावर आमच्या गावात पुरुषांच्या सभेत रस्ता जिंकला होता. महिला सभेत एकही हात रस्त्यासाठी वर गेला नाही.

उद्दिष्टांचे तक्ते शेवटी भरा

जगाने 2015 मध्ये 17 शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली. पंचायतींसाठी त्यांचे नऊ विषय केले आहेत, गरिबीमुक्त गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ आणि हरित गाव असे. माझी वसुंधरा अभियानात भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर गुण मिळतात. हे तक्ते चांगले आहेत, कारण राहून गेलेलं त्यांत दिसतं. आमच्या आराखड्यात अपंग आणि एकल महिलांसाठी काहीच नव्हतं, हे तक्ता भरतानाच कळलं. पण तक्त्यापासून सुरुवात केली की गुणांसाठी कामं शोधली जातात. आधी नकाशा, मग तक्ता. पुनर्भरण केलेल्या त्या विहिरीच्या एका कामाने पाणी, आरोग्य, रोजगार आणि महिलांचा वेळ असे चार रकाने भरले.

मोजणी मात्र सोडू नका. गावातल्या पाच विहिरी ठरवा: दोन माथ्याच्या, दोन पायथ्याच्या, एक पिण्याची. भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. तुम्हीही त्याच महिन्यांत मोजा, म्हणजे आकडे ताडून पाहता येतील. मीटरच्या खुणा केलेली दोरी, टोकाला वजन, एवढंच साहित्य लागतं. सातवी-आठवीची मुलं हे काम फार मन लावून करतात. आकडे नकाशावर त्या त्या विहिरीशेजारी पेन्सिलने लिहा, खाली तारीख.

पुढच्या ऑक्टोबरात नवा नकाशा चिकटवाल, तेव्हा सगळ्यांत आधी त्या पाच विहिरींचे आकडे त्यावर उतरवून घ्या. टिकल्यांची पाकिटं त्यानंतर फोडा.